शनिवारी दहा ते चार

शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे जात आणि दुपारी चारला नवे येत. मधले सहा तास गोठा जिलचा असे.

हे हिलरीला माहीत नाही, अशी एडगर डार्गची समजूत होती. हिलरी म्हणजे त्याची मुलगी. गोठा आठवड्याच्या भाड्याने दिला जाई, आणि पाहुण्यांचं सगळं तीच बघायची. चादरी, टॉवेल, आल्याचा केक, किल्ल्या, फोन. एडगरकडे तीन कामं होती. शेगडीतली राख काढायची, लाकडं भरायची आणि दाराजवळच्या बरणीत कुत्र्यांची बिस्किटं टाकायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कंबरेचा सांधा बदललेल्या माणसाला एवढीच कामं बरी, असं हिलरी म्हणायची. तो राखेची बादली घेऊन निघाला की त्याची म्हातारी कुत्री जिल त्याच्या डाव्या टाचेशी चालायची. दार उघडलं की ती कुणाची वाट न बघता आत जायची, जिन्याखाली अंगाचं वेटोळं करायची आणि एक लांब श्वास सोडायची. एडगर राख काढायचा. एका शेगडीची राख काढायला माणसाला किती वेळ लागावा? त्याला तीन-साडेतीन तास लागायचे.

गोठा आता म्हणायलाच गोठा होता. खिडक्यांना काचा आल्या होत्या, भिंतींना चुना लागला होता, वर जिथे गवत रचायचे तिथे मोठा पलंग होता. पण चाळीस हिवाळे एडगरने त्या भिंतींच्या आत कोवळ्या मेंढ्या राखल्या होत्या, आणि मेंढ्यांबरोबर कुत्री. डोंगरातली कामाची कुत्री घरात येत नाहीत. ती गोठ्यात झोपतात. जिन्याखालची एक फरशी मधोमध खोलगट झाली होती, ताटासारखी. जिलच्या आधी तिथे तिची आई झोपायची, आईच्या आधी आजी. दगडाला असा खळगा पडायला किती कुत्री लागतात याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

गवंडी ती फरशी उपटायला निघाला तेव्हा एडगर म्हणाला होता, "ती राहू दे."

"उंचसखल दिसेल हो."

"दिसू दे."

मग हिलरीने त्या खळग्यावर एक मऊ चौकड्यांची गादी टाकली, तिचा फोटो काढला आणि जाहिरातीत लिहिलं की इथे कुत्र्यांचं मनापासून स्वागत आहे. तेव्हापासून शहरांतली कुत्री त्या गादीवर झोपू लागली. कुरळी, आखूड पायांची, पावसात कोट घालणारी. जिल अंगणातल्या लाकडांच्या छपराखाली झोपू लागली. एडगरने तिला घरात बोलावून पाहिलं होतं. ती उंबऱ्यापर्यंत आली, आत डोकावली, आणि कुणा परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखी मागे फिरली.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली, कंबर गेली, तेव्हा एडगरने मेंढ्या विकल्या होत्या. मेंढ्या गेल्या तरी जिलचं काम डोक्यातून गेलं नव्हतं. अकरा वर्षांची झाली होती, तोंडावर पांढरं आलं होतं, पण कुठे चार जीव पांगलेले दिसले की तिला चैन पडत नसे. कोंबड्या गोळा करायची. वारा सुटला की अंगणातली पानंसुद्धा डोळ्यांनी गोळा करायची.

सप्टेंबरात तिने पाहुणे गोळा केले.

एक मोठं कुटुंब आलं होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन लहान मुली आणि दोन पांढरी केसाळ कुत्री. सगळे वरच्या कुरणात हिंडत होते, कुणी इकडे, कुणी तिकडे. जिलला ते बघवलं नाही. तिने लांबून वळसा घातला, पोट जमिनीला लावून, आवाज न करता, आणि दहा मिनिटांत आठही जण कुरणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवले. मग समोर बसून राहिली. मुली खिदळत होत्या. आजोबांना मात्र चहाची वेळ झाली होती. ते निघाले, जिलने वळवले. ते पुन्हा निघाले, जिलने त्यांच्या पोटरीला दात लावले. रक्त नाही आलं. पॅन्ट फाटली.

एडगर खालून बघत होता. शीळ घालून तिला थांबवायला हवं होतं, पण वरचे दात काढल्यापासून त्याला शीळ जमत नव्हती. चालत वर पोचेपर्यंत अर्धा तास गेला. खरं सांगायचं तर तो सावकाशच चालला. दोन वर्षांत त्याने इतकं नेटकं काम पाहिलं नव्हतं.

"तुम्ही हसत होतात," संध्याकाळी हिलरी म्हणाली.

"मी कुठे हसलो?"

"बाबा, त्या आजीबाईंनी पाहिलंय. फाटक्या पॅन्टचा फोटो काढून त्यांनी सगळ्या जगाला दाखवलाय. वर काय लिहिलंय ठाऊक आहे? इथे कुत्र्यांचं स्वागत आहे, माणसांचं नाही."

"बाई विनोदी आहे."

"बाबा." हिलरी समोर बसली. तिचे हात पाण्याने लाल झाले होते. "पुढच्या वेळी एखाद्या पोराला चावली तर आपलं दार बंद. हा गोठा बंद झाला की आपण इथे राहूच शकत नाही, हे तुम्हालाही कळतं. एक तर शुक्रवारपर्यंत तिला साखळी, नाहीतर दुसरं घर. डोंगरापलीकडचा नेविल रेन विचारत होता. त्याचं पिल्लू नवं आहे, त्याला शिकवायला म्हातारी कुत्री हवीय. तिथे दोनशे मेंढ्या आहेत. तुम्ही सांगा काय करायचं."

एडगर खिडकीबाहेर बघत राहिला. साखळीला बांधलेली जिल त्याने मनात आणून पाहिली. शनिवारपुरती सुटणारी.

"मेंढ्या आहेत तिथे," तो म्हणाला. "जाऊ दे तिला."

"नक्की?"

"म्हटलं ना, जाऊ दे."

हिलरीने अजून थोडी वाट बघितली. मग ती उठून फोनकडे गेली.

कुत्रं दुसऱ्याच्या हाती द्यायची डोंगरात एक रीत आहे. जुना मालक नव्या जागी जातो, तिथल्या मेंढ्यांवर कुत्र्याला एकदा कामाला लावतो, आणि काम ऐन रंगात असताना फाटकाबाहेर पडतो. मागे वळून बघायचं नाही. बोलायचं नाही. काम संपवतो तो नवा मालक. "झालं," असं तो म्हणतो. दिवसभराचं काम संपल्यावर कुत्र्याला बोलावायचा हा शब्द. तो ऐकला की कुत्रं मेंढ्या सोडून त्या माणसाच्या टाचेशी येतं आणि त्याच्याबरोबर घरी जातं. ज्याच्या तोंडून शेवटचं "झालं" निघालं, त्याचं ते कुत्रं. एडगरला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं. त्याने स्वतः आजवर सात कुत्री अशी दिली होती, एकदाही चूक न करता.

त्या शुक्रवारी ते गेले. नेविलचं शेत डोंगराच्या पलीकडे, रस्त्याने चौदा मैल, डोंगरावरून पाच. नेविल पन्नाशीचा, दांडगा, बोलका गडी.

"एडगरकाका, ही म्हातारी माझ्या पिल्लाला शिकवणार की मला?"

"तुला आधी शिकवेल. तुला जास्त गरज आहे."

जिलला त्याने चाळीस मेंढ्यांवर सोडलं. बारीक पाऊस होता. दोन वर्षांनी मेंढ्या बघितल्यावर ती तीन वर्षांची झाली. लांब, मोकळा वळसा, मग थबकणं, मग एकेक पाऊल. मेंढ्या एका गोधडीसारख्या सरकत कोपऱ्यात आल्या. नेविलने शीळ थांबवून तोंड उघडं टाकलं. एडगर फाटकाकडे चालू लागला, बापाने शिकवल्यासारखा. कडीला हात घातला. कडी गार होती. मागे काहीच आवाज नव्हता, म्हणजे काम उत्तम चाललं होतं. आणि अकरा वर्षांत आपण तिला शाबासकी म्हणून कधी थोपटलंसुद्धा नाही, हे त्या कडीपाशी त्याच्या ध्यानात आलं. थोपटायची पद्धतच नव्हती. दिवस संपला की एक शब्द होता, तेवढाच.

तो वळला.

"झालं, पोरी," तो म्हणाला. "झालं, जिल."

तिने मेंढ्या तिथेच सोडल्या आणि सरळ रेषेत, कान मागे टाकून त्याच्या डाव्या टाचेशी येऊन उभी राहिली. घरी जायला तयार.

नेविल फाटकाशी आला. "काका," तो म्हणाला, "हे काय केलंत?"

"माहीत आहे मला."

"आता मला बांधावी लागणार."

"माहीत आहे म्हटलं ना."

नेविलने तिच्या गळ्यात दोर घातला. एडगर गाडीत बसला. आरशात बघायचं नाही असं त्याने ठरवलं आणि पहिल्या वळणापर्यंत तो आरशातच बघत राहिला.

ती पाचव्या दिवशी आली. डोंगरावरून, ओढ्यातून, छातीपर्यंत भिजलेली. गोठ्याच्या दारात बसली. एडगरने तिला गाडीत घालून परत नेलं. रस्ताभर ती मागच्या सीटवर शांत होती. नेविलने सांगितलं, "काका, पुन्हा आली तर मला फोन करा. पण तुम्ही बाहेर यायचं नाही. तोंड दाखवायचं नाही, आवाज द्यायचा नाही. तुम्ही दिसलात की संपलं, ती माझी कधीच होणार नाही. तिच्या भल्याचं सांगतोय."

ते खरं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात ती पुन्हा आली. त्या आठवड्यात गोठ्यात एक तरुण जोडपं होतं आणि त्यांचा लोंबत्या कानांचा कुत्रा. दुपारी त्या बाईने एडगरचं दार वाजवलं.

"आजोबा, आमच्या दाराशी एक म्हातारी कुत्री बसलीय. आत ये म्हटलं तर येत नाही. खायला दिलं तर हुंगतसुद्धा नाही. तुमची आहे का?"

एडगरने दार अर्धंच उघडलं होतं. बाईच्या खांद्यावरून बघितलं असतं तर दिसली असती.

"नाही," तो म्हणाला. "डोंगरापलीकडची आहे. न्यायला येतील."

"बिचारी. नुसती तुमच्या दाराकडे बघतेय हो."

"येतील न्यायला," एडगर पुन्हा म्हणाला आणि दार लावलं.

फोन करून तो स्वयंपाकघरात बसला. खिडकीचा पडदा ओढला. रस्त्यावर कुठेतरी झाड पडलं होतं, नेविलला यायला तीन तास लागले. एडगरने चहा केला, तो गार झाला, दुसरा केला. मध्ये एकदा खोकला आला, तो त्याने तोंडात रुमाल कोंबून दाबला. चाळीस पावलांवर ती होती. आपला खोकला तिला ओळखता येतो, हे त्याला ठाऊक होतं. गाडी आली, गाडी गेली. मग तो उठला. गोठ्याच्या दारासमोर पायऱ्यांवर एक कोरडी जागा राहिली होती, तिच्या आकाराची. पाऊस भुरभुरत होता. ती जागा भिजेपर्यंत तो तिथे उभा राहिला.

त्यानंतर नेविलने दुहेरी दोर लावला. जिल कामाला चांगली आहे, पिल्लू तिच्यामागे फिरतं, खाते थोडं कमी, असं त्याने फोनवर सांगितलं. हिलरीने विचारलं, "बरंय ना तिचं?" एडगर म्हणाला, "बरंय."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ पडलं. पाहुणे पावणेदहालाच निघून गेले, रस्त्याच्या भीतीने, आणि दार नीट ओढून घ्यायचं विसरले. एडगर बादली घेऊन गेला तेव्हा दार वीतभर उघडं होतं. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. चारांपैकी एक ठसा लाल होता.

चौकड्यांची गादी जिन्याखालून ओढून बाजूला टाकलेली होती. जिल उघड्या दगडावर, त्या खळग्यात पडली होती. गळ्यात चावून तोडलेला दोर होता. पुढचा पाय कशाने तरी उभा फाटला होता, तारेने असेल. अंगावरचं बर्फ वितळून खळग्यात पाणी साठलं होतं. श्वास चालू होता, पण तो पोटातून येत होता, आणि दोन श्वासांमध्ये माणसाने वाट बघावी इतकं अंतर होतं. एडगरने आयुष्यभर जनावरं मरताना पाहिली होती. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने त्याला बघितलं आणि उठायला लागली. मागचे पाय आले, पुढचे आले नाहीत.

"पड," एडगर म्हणाला.

ती पडली.

तो भिंत धरून खाली बसला. नवी कंबर घेऊन जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. बसला तर स्वतःच्या बळावर उठता येणार नाही, हेही त्याला माहीत होतं. त्याने आपला कोट तिच्यावर टाकला, दोर कापला, पाय रुमालाने बांधला. मग हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच ठेवला. त्याला थोपटता येईना, सवय नव्हती. नुसता ठेवला.

दर थोड्या वेळाने ती उठायला बघायची. तो आला होता, म्हणजे निघायला हवं. दर वेळी त्याला म्हणावं लागे, "पड, जिल. पड." दुसरा शब्द त्याच्या जिभेवर होता. पण तो ऐकला की ती उठली असती. कशीही, मोडक्या पायावर उठून टाचेशी आली असती. तो शब्द त्याने तोंडात धरून ठेवला.

अकराच्या सुमारास हिलरी चादरींचा गठ्ठा घेऊन आली. दारातच थांबली. गठ्ठा हळूच जिन्यावर ठेवला आणि तीही खाली बसली.

"जनावरांच्या डॉक्टरला फोन करते."

"बर्फातून यायला त्याला दोन वाजतील. नको हलवूस तिला."

हिलरीने तरी फोन केला. दोन वाजता येतो म्हणाला. मग तिने नेविलला फोन केला. परत येऊन बसली तेव्हा तिच्या हातात त्या ओढून टाकलेल्या गादीचा कोपरा होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शनिवारचं."

एडगरने वर बघितलं.

"दर शनिवारी मी ही गादी झटकते, बाबा. पाहुण्यांचं कुत्रं पांढरं असलं तरी गादीवर काळे केस. मला काय दिसत नाही? म्हणून तर मी दुपारी दोनच्या आधी इकडे फिरकत नव्हते. ती गेल्यापासून तुम्ही अकराच्या चहाला घरी येता, आज आला नाहीत म्हणून आले."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरला. "त्या दिवशी मी विचारलं. नक्की, म्हणून विचारलं. तुम्ही एकदा नको म्हणाला असतात ना, मी त्या आजोबांना दुसरी पॅन्ट शिवून दिली असती. कुरणाच्या फाटकाला कुलूप लावलं असतं. काहीतरी केलं असतं. मला वाटलं, मेंढ्यांशिवाय तिचे हाल तुम्हाला बघवत नाहीत."

"मला वाटलं, तुला ती नकोय."

"मी तिला बाटलीने दूध पाजलंय, बाबा. आई आजारी होती तेव्हा."

ते त्याला आठवलं. आठवायला नको होतं.

बाहेर बर्फ थांबलं होतं. हिलरीने शेगडी पेटवली. जिलने आणखी दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोनदा तिने त्याचं ऐकलं. एकच्या पुढे एका श्वासानंतर एडगर वाट बघत राहिला. मग अजून थोडा वेळ बघत राहिला. हिलरीने त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं की आपण अजूनही हळू आवाजात "पड, पड" म्हणतो आहोत.

हिलरीने डॉक्टरला येऊ नका म्हणून कळवलं. नेविल रस्त्याने आला, सव्वादोनला. दारात टोपी काढून उभा राहिला. "काका, सकाळी मेंढ्यांना बघायला गेलो आणि तेवढ्यात..."

"तुझी चूक नाही," एडगर म्हणाला. "मला उठव आधी."

नेविलने त्याला काखेत हात घालून उठवलं. मग जिलला कोटासकट उचललं. वरच्या कुरणात, तिने पाहुणे गोळा केले होते त्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला जमीन मऊ होती. नेविलने खणलं. हिलरीने ती चौकड्यांची गादी आणली होती. एडगरने मान हलवली. तिला ती कधीच आवडली नव्हती. कोट मात्र त्याने तसाच राहू दिला.

"पाहुण्यांना उद्या या म्हणून कळवू का?" हिलरीने विचारलं. "अजून काहीच तयार नाही."

"नको. त्यांच्याबरोबर कुत्रं असेल. गाडीत कंटाळलं असेल. चार म्हणजे चार."

ती खाली गेली. नेविलने माती लोटली, वर मोठे दगड रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. रचून झाल्यावर तो कुदळ घेऊन बाजूला झाला.

एडगर थोडा वेळ उभा राहिला. मग फाटकाकडे चालू लागला. खाली रस्त्यावर नव्या पाहुण्यांची गाडी दिसत होती, वेळेआधीच आलेली, आणि आतलं कुत्रं भुंकत होतं. त्याने कडीला हात घातला. कडी गार होती. तो शब्द सकाळपासून तोंडात होता, आता ओठांशी आला. आता म्हटला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं?

पण तिला इथेच राहायचं होतं. त्याने शब्द गिळला, फाटकाबाहेर पडला, कडी लावली आणि बापाने शिकवल्यासारखा, मागे न बघता, डोंगर उतरू लागला. डावा पाय मात्र तो उतारभर जरा जपून टाकत होता, टाचेशी कुणी असल्यासारखा.